मुलीला ऑपेरा कंडक्टर व्हायचंय? आधी पियानोचं बघा

ताई, तुमचा प्रश्न काल रात्रीच वाचला होता, पण दोन ओळींत उत्तर देण्यासारखा नव्हता म्हणून आज रविवारी निवांत बसून लिहितेय. तुम्ही लिहिलंय की मुलगी १७ वर्षांची आहे, बारावी सायन्सला, व्हायोलिन ८ वर्षं चालू आहे आणि ग्रेड ७ झालीय, पियानो "थोडाफार" येतो, गणपतीत पथकात ताशा वाजवते, आणि मुंबईला एनसीपीएमधे एक ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटक, बघून आल्यापासून मी कंडक्टरच, म्हणजे ऑर्केस्ट्रासमोर उभं राहून हाताच्या खुणांनी सगळ्यांना एकत्र वाजवायला लावणारी, होणार असं धरून बसलीय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. यात करिअर आहे का, कंडक्टिंगचा कोर्स पुण्यात कुठे आहे, आणि वय निघून गेलंय का.

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते. मी कोथरूडमधे वाढले, लहानपणापासून पियानो शिकले, तेविसाव्या वर्षी जर्मनीला गेले, तिथे ४ वर्षं शिक्षण आणि मग ९ वर्षं एका छोट्या शहरातल्या ऑपेरा थिएटरमधे नोकरी केली. आता पुण्यात एक कॉयर (समूहगायनाचा गट) आणि वीस-बावीस जणांचा एक स्ट्रिंग ग्रुप (व्हायोलिन, चेलो अशा तारवाद्यांचा) चालवते आणि शिकवते. म्हणजे मोठ्या स्टेजवरची स्टार कंडक्टर मी नाही, पण हे काम आतून कसं चालतं ते रोज हाताळलेलं आहे, आणि तुमच्या मुलीला आत्ता त्याचाच उपयोग होईल असं मला वाटतं.

कोर्स कुठे आहे हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. व्हायोलिन वाजवणाऱ्याचं व्हायोलिन घरी कपाटात असतं, कधीही काढून रियाज करता येतो. कंडक्टरचं वाद्य म्हणजे समोर बसलेली साठ-सत्तर माणसं, आणि ती कुणाच्या घरी नसतात. त्यामुळे खरा प्रश्न असा आहे की इतकी शिकलेली माणसं तुमच्या मुलीसमोर का बसतील, आणि त्यांच्यासमोर उभं राहायची पहिली संधी तिला कोण आणि कशासाठी देईल. या बाजूने बघितलं की हात कसा हलवायचा हे शिकणं किती नंतरचं आहे ते कळतं. हाताचं तंत्र हुशार मुलीला वर्ष-दोन वर्षांत बऱ्यापैकी येतं. बाकीचं यायला दहा-पंधरा वर्षं जातात आणि तेच आत्ता सुरू करायचं असतं.

या कामात शिरायचे रस्ते मुख्य दोन. एक, ऑर्केस्ट्रात वाद्य वाजवता वाजवता. पुढे जगप्रसिद्ध कंडक्टर झालेले तोस्कानिनी हे चेलो वाजवायचे, १८८६ साली रिओमधे ऐनवेळी 'आयडा' कंडक्ट करायला उभं केलं तेव्हा १९ वर्षांचे होते आणि अख्खा ऑपेरा पाठ होता म्हणून निभावलं. याप व्हान झ्वेडेन हे अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ ऑर्केस्ट्राचे कॉन्सर्टमास्टर होते, म्हणजे पहिल्या खुर्चीवरचे व्हायोलिनवादक, कंडक्टिंगकडे ते बऱ्याच वर्षांनी वळले आणि पुढे २०१८ ते २०२४ न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत दिग्दर्शक होते. दुसरा रस्ता ऑपेरा थिएटरमधल्या पियानोचा. शोल्टी, कार्लोस क्लायबर, आत्ताचे अँटोनियो पपानो हे सगळे नावाजलेले कंडक्टर पियानोवर बसून गायकांकडून त्यांचे भाग बसवून घेत घेत वर आले. या कामाला कोरेपेटिटोर म्हणतात. तिला ऑपेरा करायचाय असं तुम्ही म्हणताय म्हणून मी याच रस्त्याबद्दल जास्त लिहिते, शिवाय मी त्याच रस्त्याने गेलेय.

कोरेपेटिटोरचं काम काय असतं? थिएटरमधे नवीन ऑपेरा बसवताना पाच-सहा आठवडे तालमी चालतात आणि त्यातला बहुतेक काळ ऑर्केस्ट्रा नसतोच, तो परवडत नाही. तेवढे दिवस पियानोवर बसलेली एक व्यक्ती म्हणजे ऑर्केस्ट्रा. सकाळी दहाला एक सोप्रानो (उंच आवाजाची गायिका) येते, तिच्याबरोबर तिचा भाग घ्यायचा, सूर चुकला तर सांगायचं, इटालियन उच्चार चुकला तर सांगायचं, दोन्ही हातांनी ऑर्केस्ट्राचं संगीत वाजवत असतानाच समोरच्या टेनरचा (उंच आवाजाच्या गायकाचा) भाग आपण स्वतः गायचा म्हणजे तिला तिचा क्यू, म्हणजे कधी सुरू करायचं ते, कळतो. अकराला दुसरा गायक, दुसरा ऑपेरा. संध्याकाळी प्रयोग असेल तर पडद्यामागे उभं राहून, मॉनिटरवर कंडक्टरचा हात बघत, आतल्या कोरसला (समूहगायकांना) आपण हात द्यायचा. हे तीन-चार वर्षं केलं की पंधरा-वीस ऑपेरे अंगात मुरतात, गायक कुठे श्वास घेतो, कुठे घाबरतो, कुठे उगीच लांबवतो हे सगळं कळायला लागतं, आणि मग एक दिवस कंडक्टर आजारी पडतो आणि थिएटरवाले इकडेतिकडे बघतात की हा ऑपेरा कुणाला येतो.

आपल्याकडे हे समजावून सांगायला मला संगीत नाटकातला ऑर्गनवाला नेहमी उपयोगी पडतो. बालगंधर्वांच्या पदाला वन्समोअर मिळायचे, दर वेळी ते पद वेगळं व्हायचं, आणि साथीला बसलेल्या माणसाने कागद न बघता गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर जायचं, आणि तरी ठेका सुटू द्यायचा नाही. ऑपेरातल्या कंडक्टरचं काम बरंचसं हेच आहे, फक्त त्याच्या हाताखाली एका ऑर्गनऐवजी साठ वाद्यं असतात आणि साठही जणांना आपण आत्ता थांबणार आहोत हे थांबायच्या अर्धी मात्रा आधी कळवावं लागतं. माझे आजोबा नाट्यसंगीताचे वेडे होते, त्यांच्याबरोबर बालगंधर्व रंगमंदिरात बसून जे ऐकलं त्याचा मला मोझार्टच्या रेसिटेटिव्हला, म्हणजे बोलल्यासारखं गायच्या भागांना, इतका उपयोग झाला की माझ्या तिथल्या शिक्षकांना आश्चर्य वाटायचं. मुलीला नाट्यसंगीत ऐकायला जरूर न्या.

आता तिच्या ताशाबद्दल. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण मला तुमच्या पत्रातली ती सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटली. पथक लक्ष्मी रोडवर लांबलचक पसरलं की मागच्या ढोलांना पुढच्या ताशाचा आवाज उशिरा येतो. जो कानावर वाजवतो तो मागे पडत जातो, आणि पुढे उभ्या असलेल्या प्रमुखाच्या हाताकडे बघून जो वाजवतो तो बरोबर राहतो. हे तिला अंगाने माहीत असणार. मला माहीत नव्हतं आणि मी त्याची किंमत मोजलीय.

माझं थिएटरमधलं चौथं वर्ष होतं, पुच्चिनीचा 'ला बोएम' चालू होता, आणि एका संध्याकाळी मला दुसरा अंक करायला मिळाला. ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगते, दुसरा अंक म्हणजे पॅरिसमधली नाताळची संध्याकाळ, चौकात तुडुंब गर्दी, विक्रेते ओरडतायत, खेळणीवाल्याच्या मागे मुलांचा कोरस धावतोय, कॅफेत सहा मुख्य पात्रं एकमेकांचं बोलणं तोडून गातायत, शेवटी स्टेजवरून मिलिटरी बँड जातो, आणि हे सगळं जेमतेम वीस मिनिटांत. कंडक्टरच्या नोकरीच्या परीक्षेत हा अंक हमखास विचारतात तो उगीच नाही. तर मी सुरू केलं, सुरुवातीचे ट्रम्पेट छान वाजले, आणि मग मागचा कोरस आला तो मला किंचित उशिरा ऐकू आला. मला वाटलं ते मागे पडलेत, म्हणून मी त्यांच्यासाठी थोडी थांबले. मी थांबले म्हणून ते आणखी हळू झाले. व्हायोलिनवाले आपल्या लयीत पुढे गेलेले. दहा-बारा बारच्या (बार म्हणजे लिहिलेल्या संगीतातला ठरावीक मात्रांचा एक गट) आत पिट, म्हणजे स्टेजसमोरच्या खड्ड्यात बसलेला ऑर्केस्ट्रा, एकीकडे आणि स्टेज दुसरीकडे, आणि पहिल्या खुर्चीवरच्या बाईंनी माझ्याकडे बघणं बंद करून स्वतःच्या बोने (व्हायोलिनच्या गजाने) सगळ्यांना ओढून आणलं. त्यांनी त्या दिवशी वाचवलं.

मध्यंतरात त्यांनी शांतपणे हिशेब सांगितला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कोरस आपल्यापासून २० मीटरवर असेल तर पिटातला आवाज त्यांच्यापर्यंत जायला आणि त्यांचा परत आपल्यापर्यंत यायला मिळून ४० मीटर, म्हणजे जवळजवळ ०.१२ सेकंद. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, आणि ०.१२ म्हणजे तिचा चौथा हिस्सा, चौगुनीतला एक अख्खा बोल. त्यामुळे लांबच्या कोरसने कानावर जायचंच नाही, हाताबरोबर गायचं, आणि कंडक्टरने त्यांचा आवाज उशिरा आला म्हणून हात थांबवायचा नाही. त्यासाठी तर स्टेजच्या बाजूला मॉनिटर लावलेले असतात. मी हे पुस्तकात वाचलेलं होतं, तरी प्रत्यक्षात कानाने मला फसवलं. तुमच्या मुलीला विचारा मिरवणुकीत ती कुणाकडे बघते, उत्तर काय येतं ते मला खरंच जाणून घ्यायचंय.

आणखी एक लहानशी गोष्ट तिला करायला सांगा, म्हणजे हे काम आवडतंय की फक्त त्याचा थाट आवडलाय ते तिचं तिलाच कळेल. बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात सगळ्यांना माहीत असते, तीन छोटे सूर आणि एक लांब. कागदावर बघितलं तर पहिला बार रिकाम्या जागेने सुरू होतो. समेवर आवाजच नाही, त्यानंतर ते तीन सूर येतात. म्हणजे हात खाली आला की काही वाजत नाही, आणि लगेच पुढच्या क्षणी सगळे स्ट्रिंग आणि क्लॅरिनेट एकदम यायला हवेत, आणि लय काय आहे हे त्यांना त्या एका हालचालीतूनच कळायला हवं, कारण आधी मोजून द्यायची पद्धत प्रयोगात नसते. मग दुसऱ्या बारवर फर्माटा, म्हणजे सूर धरून ठेवायचा, तो कधी सोडायचा ते तुमच्या हातात. पुढचा चार सुरांचा तुकडा तसाच, पण तिथला लांब सूर एक बार जास्त आहे. का जास्त ठेवला असेल? यावर तिला विचार करू द्या. तीन-चार मित्रमैत्रिणी जमवून, कुठलीही वाद्यं चालतील, एवढे पाच बार एकत्र सुरू करून दाखव म्हणावं. पहिल्या वीस वेळा जमणार नाही. एकविसाव्या वेळी ती पुन्हा उत्साहाने हात वर करत असेल तर मी तिच्याबद्दल आशेने बोलेन.

आता पुण्यात काय करता येईल. पियानो "थोडाफार" हे चालणार नाही, ताई, हे मी आडपडदा न ठेवता सांगते. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या कंडक्टिंगच्या प्रवेश परीक्षेत पियानो गंभीरपणे तपासतात, तयार केलेला तुकडा, न बघितलेला कागद समोर ठेवून वाजवणं, ऑर्केस्ट्राचा स्कोर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेला कागद) बघून पियानोवर वाजवणं, शिवाय कानाची परीक्षा, आणि हात बघायला समोर अनेकदा ऑर्केस्ट्रा नसतो, दोन पियानो असतात. जागा एका संस्थेत वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून पुढची तीन वर्षं व्हायोलिन सोडू नका पण पियानोचा रियाज दुप्पट करा, आणि त्यातही रोज अर्धा तास नुसतं नवीन कागद बघून वाजवणं. ग्रेडच्या परीक्षा ठीक आहेत, शिस्त लागते, पण वर्षाला तीन-चार तुकडे घोटून ग्रेड ८ मिळवणं आणि न थांबता वाचत जाणं या दोन वेगळ्या सवयी आहेत, आणि थिएटरमधे दुसरीवर पगार मिळतो.

स्कोर वाचायची सुरुवात स्ट्रिंग क्वार्टेटपासून करा, चारच ओळी असतात. व्हायोलाची ओळ वेगळ्या क्लेफमधे (कुठल्या रेघेवर कुठला सूर ते सांगणारी खूण) असते, ती व्हायोलिनवाल्यांना आधी परकी वाटते. क्लॅरिनेट आणि हॉर्न जे लिहिलेलं असतं त्यापेक्षा वेगळ्या सुरात वाजतात, बी फ्लॅट क्लॅरिनेट एक पूर्ण स्वर खाली, एफ हॉर्न एक पंचम, म्हणजे सा ते प एवढं अंतर, खाली, आणि सगळं डोक्यात बदलून वाचायचं असतं. मी नवीन स्कोर घेतला की आधी बेसची ओळ गाते, मग वरची, मग मधल्या एकेक, आणि ऑपेरा असेल तर संगीताच्या आधी आठवडाभर फक्त शब्द वाचते, प्रत्येक शब्दाचा अर्थ पेन्सिलने खाली लिहून. हे घरी बसून फुकट होतं.

माणसांसमोर उभं राहायची सवय मात्र घरी होत नाही. सोसायटीतली दहा मुलं जमवून कॉयर करा, कॉलेजचा ग्रुप असेल तर तो घ्या, कॅम्पातल्या चर्चमधे नाताळाच्या कॉयरला गायला जा आणि तिथे तालीम कशी घेतात ते बघा. पूना म्युझिक सोसायटीचे कार्यक्रम, माझदा हॉलमधल्या मैफली, जे जे होतं त्याला जा. एखादं नाट्यगीत चार व्हायोलिनसाठी लिहून काढ म्हणावं, प्रत्येकाचा पार्ट स्वतःच्या हाताने. हिंदी सिनेमाचे ते सगळे मोठे अरेंजर, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, ही कागदावर लिहिणारी आणि समोर उभं राहून वाजवून घेणारी माणसं होती, आपल्याकडे या कामाची परंपरा नाही असं मी मानत नाही. तालमीत बोलायची एक शिस्त आत्तापासून लावून घ्यावी : आधी कुठे, मग कोण, मग काय. "बार ४२, दुसरे व्हायोलिन, थोडं हळू." भावना समजावून सांगणारी भाषणं वाजवणाऱ्यांना नको असतात, ते वाद्य मांडीवर घेऊन वाट बघत बसतात.

भाषा लगेच सुरू करा. बोट क्लब रोडला मॅक्समुल्लर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटला पण जर्मन शिकवतात. इटालियन नंतर, पण लागेलच.

वयाचं म्हणाल तर १७ ला काही बिघडलेलं नाही. फिनलंडचे तरुण कंडक्टर क्लाउस मकेला १२ व्या वर्षीच योर्मा पानुलांकडे कंडक्टिंग शिकायला लागले, हे खरं, पण तिथे विद्यार्थ्यांसमोर खरा ऑर्केस्ट्रा उभा करायची सोय आहे. झुबिन मेहता १९५४ साली १८ व्या वर्षी मेडिकलचा रस्ता सोडून मुंबईहून व्हिएन्नाला गेले, तिथे डबल बास वाजवला, हान्स स्वारोव्स्कींकडे कंडक्टिंग शिकले, आणि वर्गमित्र क्लाउडिओ अबादोंबरोबर कोरसमधे गायला लागले ते मोठमोठ्या कंडक्टरांच्या तालमी आतून बघायला मिळाव्यात म्हणून. १९५८ ला लिव्हरपूलची कंडक्टिंगची स्पर्धा जिंकले. पण त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ सालीच मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, घरात तालमी ऐकत मूल वाढलं, ते आपल्या मुलीला मिळालेलं नाही एवढं लक्षात ठेवून घाई करू नका.

करिअर आहे का, हे कशावर अवलंबून आहे ते सांगते. भारतात राहून फक्त कंडक्टिंगवर घर चालवणं आज जवळपास अशक्य आहे. पूर्णवेळ व्यावसायिक ऑर्केस्ट्रा म्हणावा असा एकच, २००६ ला एनसीपीएमधे सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, आणि पुण्यात ऑपेरा थिएटर नाही. इथे शिकवणं, कॉयर, शाळा, रेकॉर्डिंग असं मिळून उत्पन्न होतं, माझंही तसंच आहे आणि मी सुखी आहे. जर्मनीत सरकारी पैशावर चालणारी ऐंशीच्या घरात ऑपेरा थिएटर्स आहेत, म्हणून जगभरचे कोरेपेटिटोर तिकडे जातात. पण नोकरी बहुतेक एक-दोन वर्षांच्या कराराची, आणि करार वाढवायचा नसेल तर साधारणपणे ३१ ऑक्टोबरपर्यंत तुम्हाला तसं कळवतात. ऑक्टोबर महिना तिथे सगळे कलाकार जरा दबकून काढतात, मीही नऊ वेळा काढलाय. फीचं म्हणाल तर बहुतेक सरकारी संस्थांत शिक्षण जवळपास फुकट आहे, बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो लागतात, आणि व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बँकेत दाखवावे लागतात, म्हणजे अकरा-बारा लाख. हा आकडा बदलत असतो, अर्ज करताना ताजा बघा.

मुलगी आहे म्हणून तुम्ही जी काळजी लिहिलीय ती मला समजते. मी गेले तेव्हा समोर बाई उभी राहिली की काही जण हातातला पेपर खाली ठेवत नसत. आता चित्र खरंच बदललंय. सिमोन यंग यांनी २००५ ला व्हिएन्ना फिलहार्मोनिक कंडक्ट केला, मॅरिन ऑल्सप २००७ ला अमेरिकेत बाल्टिमोरच्या ऑर्केस्ट्राच्या प्रमुख झाल्या, ओक्साना लिनिव २०२१ ला जर्मनीत बायरॉइटच्या वॅग्नर ऑपेरा महोत्सवात कंडक्ट करायला उभ्या राहिल्या, तिथे त्याआधी कधीही बाई कंडक्टर नव्हती. पॅरिसला २०२० पासून फक्त महिला कंडक्टरांची 'ला मायस्त्रा' स्पर्धा आहे.

एक सावधगिरी. नेटवर पैसे भरून आठवडाभर युरोपातला ऑर्केस्ट्रा कंडक्ट करा अशा कार्यशाळा दिसतील, दिवसाला पंधरा-वीस मिनिटं समोर उभं राहायला मिळतं आणि एक व्हिडिओ मिळतो. मीही एकदा साठवलेले पैसे त्यात घातले होते, तयारी नव्हती म्हणून त्या व्हिडिओत माझा हात ऑर्केस्ट्राच्या मागून जाताना दिसतो, म्हणजे ते वाजवतायत आणि मी नाचतेय. पाच-सहा वर्षांनी उपयोग होईल, आत्ता तेवढ्या पैशात एक बरा अपराइट पियानो घ्या.

मला पुढचं नेमकं सांगायला दोन गोष्टी कळायला हव्यात. मोझार्टच्या एखाद्या सोप्या सोनाटाचं न बघितलेलं पान समोर ठेवलं तर ती अर्ध्या लयीत का होईना, न थांबता शेवटपर्यंत जाते का? आणि तालमीला कुणी सारखं चुकत असेल तर ती चिडते, गप्प बसते, की जवळ जाऊन त्याच्याबरोबर वाजवते? पहिल्याचं उत्तर आत्ता काहीही असलं तरी त्यावर काम करता येतं. दुसऱ्याचं मात्र तिला न विचारता, पुढच्या पथकाच्या सरावाला तुम्ही स्वतः कडेला उभं राहून बघा आणि मला लिहा.